ट्रेप्रॉस्टिनिलचा क्लेम: नव्या बिलरसाठी पायरीपायरीने

हिंजवडी, मगरपट्टा किंवा ऐरोलीच्या एखाद्या आरसीएम (अमेरिकेतल्या दवाखान्यांची आणि फार्मसींची बिलं सांभाळणाऱ्या) कंपनीत नुकतेच लागला असाल आणि ट्रेनिंग संपताच इन्फ्युजन फार्मसीचं अकाउंट हातात आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ऑफिस व्हिजिटचं कोडिंग लवकर अंगवळणी पडतं. पल्मनरी हायपरटेन्शनचं औषध पडत नाही. एका रुग्णाचा एका महिन्याचा क्लेम, म्हणजे विम्याकडे पाठवायचं बिल, हजारो डॉलरचा असतो आणि डॉक्टरांची ऑर्डर अशा एककात लिहिलेली असते, जे क्लेमवर कुठेच टाकता येत नाही.

आधी आजाराबद्दल थोडं. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद आणि कडक होतात, त्यांच्यातला दाब वाढतो, उजवं हृदय दमत जातं. साधा बीपी वेगळा आणि हा वेगळा. चार्टमध्ये नुसतं 'हायपरटेन्शन' दिसलं म्हणून आय१० (साध्या बीपीचा कोड) टाकणारे महाभाग प्रत्येक बॅचमध्ये निघतात. या आजारावर चोवीस तास शरीरात थेंबाथेंबाने सोडायची दोन औषधं अमेरिकेत वर्षानुवर्षं वापरात आहेत. एपोप्रॉस्टेनॉल १९९५ मध्ये फ्लोलॅन या नावाने आलं. ट्रेप्रॉस्टिनिल हे युनायटेड थेरप्युटिक्सचं रेमोड्युलिन. त्याला मे २००२ मध्ये त्वचेखालून देण्यासाठी एफडीएची मंजुरी मिळाली, नंतर शिरेतून देण्यासाठीही मिळाली. सँडोझचं जेनेरिक २०१९ मध्ये बाजारात आलं. या लेखात मुख्यतः ट्रेप्रॉस्टिनिल आहे. ते एकदा नीट समजलं की एपोप्रॉस्टेनॉल फार जड जात नाही.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच लक्षात घ्या. एपोप्रॉस्टेनॉल रक्तात सुमारे सहा मिनिटांत निम्मं होतं, ट्रेप्रॉस्टिनिलला साधारण चार तास लागतात. पंप अचानक बंद पडला किंवा औषध संपलं तर रुग्णाची अवस्था गंभीर होऊ शकते. त्यामुळे या अकाउंटवर 'ऑथ (विम्याची आगाऊ मंजुरी) पेंडिंग आहे, सोमवारी बघू' असं चालत नाही. शुक्रवारच्या शिफ्टमध्ये असा शेरा दिसला तर टीम लीडरला तेव्हाच उठवा.

पहिली पायरी: औषध कुठल्या दारातून जातंय ते बघा

मेडिकेअर हा अमेरिकेतला, मुख्यतः पासष्टी गाठलेल्यांसाठीचा सरकारी विमा. त्याचा पार्ट बी हा भाग बहुतेक औषधांसाठी पैसे देतो ते डॉक्टरांच्या दवाखान्यात टोचली जातात म्हणून. ट्रेप्रॉस्टिनिलची गोष्ट वेगळी आहे. रुग्ण ते घरी स्वतः घेतो, आणि तरीही ते पार्ट बीमध्ये बसतं, कारण ते पंपातून जातं. मेडिकेअरच्या हिशेबात इन्फ्युजन पंप हे टिकाऊ वैद्यकीय उपकरण, म्हणजे डीएमई, आणि औषध हे त्या पंपाला लागणारं सामान. हे एक वाक्य कळलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. औषध पंपाच्या मागे चालतं. मेडिकेअरच्या नोंदीत पंपच नसेल किंवा पंप नाकारला गेला असेल, तर औषधाचा क्लेमही त्याच्यामागे पडतो.

म्हणून हा क्लेम नेहमीच्या पार्ट बी मॅककडे (मॅक म्हणजे मेडिकेअरचे क्लेम निकाली काढणारा कंत्राटदार) जात नाही, डीएमई मॅककडे जातो. असे दोनच कंत्राटदार आहेत: ज्युरिसडिक्शन (विभाग) ए आणि डीसाठी नोरिडियन, बी आणि सीसाठी सीजीएस. कुणाकडे पाठवायचं हे रुग्णाच्या कायमच्या पत्त्यावरून ठरतं. फार्मसी टेनेसीत असली तरी काही बिघडत नाही. थंडीत फ्लोरिडाला राहायला जाणारे म्हातारे रुग्ण इथे गोंधळ घालतात. पार्सल फ्लोरिडाला जातं, पण कायमचा पत्ता मिशिगनचा असतो. क्लेम मिशिगनप्रमाणे जायला हवा. चुकलात तर सीओ-१०९ हा नकाराचा कोड येतो: हा क्लेम आमचा नाही.

रुग्ण हॉस्पिटलात भरती असेल तर त्या दिवसांचं औषध डीआरजीच्या (हॉस्पिटलला त्या भरतीसाठी मिळणाऱ्या ठरीव) रकमेत धरलेलं असतं, त्याचं वेगळं बिल नाही. आउटपेशंटला दिलं असेल तर ते हॉस्पिटलच्या यूबी-०४ फॉर्मवर, रेव्हेन्यू कोड ०६३६ सोबत जातं. मेडिकेअर ॲडव्हान्टेज (खाजगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) किंवा खाजगी प्लॅन असेल तर त्यांचे नियम त्यांच्या पोर्टलवर बघायचे. मेडिकेअरचा नियम तिथे चालेलच असं धरू नका.

दुसरी पायरी: कोड

पाठ करायचे मोजके आहेत.

जे३२८५: ट्रेप्रॉस्टिनिल इंजेक्शन, १ मिलिग्रॅम.
जे१३२५: एपोप्रॉस्टेनॉल इंजेक्शन, ०.५ मिलिग्रॅम.
के०४५५: हे औषध खंड न पडता देण्यासाठीचा पंप. भाड्याचा असेल तर सोबत आरआर मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरं).
ए४२२१: कॅथेटर सांभाळायचं सामान, आठवड्याला एक युनिट.
ए४२२२: कॅसेट किंवा बॅगमागे एक.
के०५५२: सिरिंज प्रकारच्या रिझर्व्हॉयरमागे एक.

ए४२२१ मध्ये ड्रेसिंग वगैरे सगळं आलं, ते सुटं लावू नका. रुग्णाकडे सुरक्षेसाठी दुसरा पंप ठेवलेला असतो, पण मेडिकेअर बॅकअप पंपाचे वेगळे पैसे देत नाही.

सर्वात जास्त घसरगुंडी होते ती जे७६८६ वर. ट्रेप्रॉस्टिनिलच, पण नेब्युलायझरमधून श्वासावाटे घ्यायचं, ब्रँड टायव्हासो, आणि एक युनिट १.७४ मिलिग्रॅमचं. सिस्टीममध्ये 'ट्रेप्रॉस्टिनिल' टाइप केलं की दोन्ही कोड वर येतात. ऑर्डरवर 'सबक्यू' (त्वचेखाली) किंवा 'आयव्ही' (शिरेतून) आहे की 'इन्हेल्ड', हे बघितल्याशिवाय क्लिक करू नका. याच औषधाच्या गोळ्याही आहेत, ओरेनिट्राम. त्या फार्मसीच्या म्हणजे पार्ट डीच्या खात्यात जातात. आणि मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेलं सोटॅटरसेप्ट, म्हणजे विनरेव्हेअर, हेही याच आजाराचं इंजेक्शन. पण ते तीन आठवड्यांतून एकदा त्वचेखाली टोचायचं, त्याला पंप लागत नाही. या लेखातलं गणित त्याला लावू नका.

तिसरी पायरी: निदान आणि त्याचा पुरावा

आयसीडी-१० मध्ये, म्हणजे निदानांच्या कोडच्या यादीत, आय२७.० म्हणजे प्रायमरी पल्मनरी हायपरटेन्शन. आय२७.२१ म्हणजे दुसऱ्या आजारामुळे झालेलं पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, उदाहरणार्थ स्क्लेरोडर्मामुळे. आय२७.२२ डाव्या हृदयाच्या आजारामुळे, आय२७.२३ फुफ्फुसाच्या आजारामुळे, आय२७.२४ जुन्या गुठळ्यांमुळे. आय२७.२० म्हणजे प्रकार सांगितलेलाच नाही. हा आळशी कोड आहे. चार्टमध्ये प्रकार लिहिलेला असताना आय२७.२० टाकणं म्हणजे स्वतःच डिनायल (क्लेमचा नकार) मागवणं. प्रकार लिहिलेलाच नसेल तर आपण ठरवायचा नाही, डॉक्टरांकडे क्वेरी पाठवायची.

आता मेडिकेअरला काय हवं ते. डीएमई मॅकची एक्स्टर्नल इन्फ्युजन पंपाची एलसीडी (पैसे कधी मिळतील याची नियमावली) आहे, एल३३७९४. ती उघडून एकदा सावकाश वाचा. ट्रेनिंगच्या पीपीटीवर विसंबू नका. थोडक्यात त्यात असं आहे: वाढलेला दाब डाव्या हृदयाच्या किंवा श्वसनसंस्थेच्या आजारातून आलेला नसावा. जमेल तेवढे उपचार करूनही आजार वाढलेला असावा. धमनीतला सरासरी दाब विश्रांतीत २५ मिलिमीटरच्या वर किंवा श्रमात ३० च्या वर असावा. श्रमात तीव्र धाप, आणि सोबत थकवा, छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं यांपैकी काही, अशी ठळक लक्षणं असावीत. आणि कॅल्शियम चॅनल ब्लॉकरच्या गोळ्या देऊन उपयोग झालेला नसावा, किंवा त्या का देता येत नाहीत हे नोंदवलेलं असावं.

दाबाचा आकडा राइट हार्ट कॅथेटरायझेशनच्या रिपोर्टवर मिळतो. तिथे 'मीन पीए' किंवा 'एमपीएपी' शोधा. इकोच्या रिपोर्टवरचा आरव्हीएसपी हा अंदाज असतो आणि तो वेगळा आकडा आहे. तो उचलून ऑथच्या फॉर्ममध्ये टाकला की रिव्ह्यूअर फाईल परत पाठवतो. इथे एक खाच आहे. युरोपातल्या हृदयरोग आणि श्वसनरोग संस्थांच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सरासरी दाब २० च्या वर गेला की पल्मनरी हायपरटेन्शन धरतात. डॉक्टर २२ बघून निदान करतील आणि ते योग्यच असेल, पण एलसीडीचा निकष २५ चा आहे. अशी फाईल आली तर क्लेम सोडण्याआधी वर कळवा.

कॅल्शियम चॅनल ब्लॉकरचं वाक्य डॉक्टर हमखास विसरतात. 'व्हासोरिअ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट निगेटिव्ह, म्हणून दिलं नाही' एवढी एक ओळ नोटमध्ये असली की तो मुद्दा निकाली निघतो. नसेल तर क्लेम जाण्याआधीच मागून घ्या. सीओ-५० (वैद्यकीय गरज सिद्ध नाही) आल्यावर मागायला गेलात तर तीच ओळ मिळायला आठवडे लागतात.

चौथी पायरी: नॅनोग्रॅम ते युनिट

इथे थोडं थांबू, कारण खरी मेख इथे आहे.

ऑर्डरवर लिहिलेलं असतं: ४० नॅनोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. क्लेमवर हवीत मिलिग्रॅमची युनिटं. मधला प्रवास असा. रुग्णाचं डोसिंग वजन ७० किलो धरू.

४० गुणिले ७० म्हणजे मिनिटाला २,८०० नॅनोग्रॅम.
दिवसात १,४४० मिनिटं, म्हणजे दिवसाला ४०,३२,००० नॅनोग्रॅम.
१ मिलिग्रॅम म्हणजे १०,००,००० नॅनोग्रॅम, म्हणून दिवसाला ४.०३२ मिलिग्रॅम.
३० दिवसांचे १२०.९६ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ १२१ युनिटं.

दहा लाखाने भागायचं हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. घोटाळा होतो तो अमेरिकन पद्धतीने स्वल्पविराम टाकलेला आकडा घाईत वाचताना. एक्सेलमध्ये सूत्र लावून ठेवा आणि उत्तराकडे एकदा डोळ्यांनी बघा. ७० किलोच्या रुग्णाला दिवसाला ४० मिलिग्रॅम लागतंय असं दिसलं तर शून्य सुटलंय.

वजनाबद्दल एक सूचना. 'डोसिंग वजन' म्हणजे उपचार सुरू करताना ठरवलेलं वजन. नंतर पायांना सूज येऊन किंवा औषधाने पाणी उतरून वजन खालीवर झालं तरी गणितातलं वजन सहसा तेच ठेवतात. शेवटच्या व्हिजिटच्या व्हायटल्समधलं वजन घेऊन युनिटं तपासलीत तर ती जुळणार नाहीत, आणि तुम्ही उगाच फार्मसीला ईमेल पाठवाल.

आता दुसरी अडचण. रुग्णाला १२१ मिलिग्रॅम मोजून कुणी देत नाही, कुप्या देतात. रेमोड्युलिनच्या कुप्या २० मिलिलीटरच्या असतात आणि चार तीव्रतांत येतात: एकूण २०, ५०, १०० आणि २०० मिलिग्रॅम. आपल्या रुग्णाला १०० च्या दोन कुप्या पाठवल्या असतील तर पुरवठा २०० मिलिग्रॅमचा झाला. वर काढलेलं १२१ हे ताडून बघण्यासाठी आहे. प्रत्यक्ष क्लेम डिस्पेन्सिंग रेकॉर्ड आणि डिलिव्हरीच्या कागदाशी जुळला पाहिजे. ताडून बघायचं ते असं: २०० मिलिग्रॅम या डोसला जवळपास ४९ दिवस पुरतं. पुढच्याच महिन्यात पुन्हा दोन कुप्या गेल्या असतील तर का, हे विचारायला हवं. उत्तर बरोबरही असू शकतं. डोस वाढला असेल. त्वचेखालची सिरिंज जास्तीत जास्त ७२ तास चालते, मग उरलेलं फेकतात, शिवाय नळी भरायला दर वेळी थोडं जातं. उघडलेली कुपी ३० दिवसांपलीकडे वापरत नाहीत. पण हे उत्तर फार्मासिस्टकडून यावं आणि अकाउंट नोटमध्ये लिहिलेलं असावं. आपण मनाने धरून चालायचं नाही.

फेकलेल्या औषधाचा विषय निघालाच आहे, तर जेडब्ल्यू आणि जेझेड बद्दल. एकदाच वापरायच्या कुपीतलं उरलेलं औषध फेकलं तर जेडब्ल्यू, काहीच फेकलं नाही तर जेझेड. १ जुलै २०२३ पासून अशा कुप्यांच्या क्लेमवर याबद्दल काहीतरी सांगणं मेडिकेअरने सक्तीचं केलं. तेव्हापासून काही लोक प्रत्येक जे-कोडला डोळे झाकून जेझेड चिकटवतात. रेमोड्युलिनची कुपी अनेकदा वापरायची, म्हणजे मल्टिडोस आहे. तिथे हे मॉडिफायर लागत नाहीत आणि मल्टिडोस कुपीतल्या फेकलेल्या औषधाचे पैसेही मिळत नाहीत. एपोप्रॉस्टेनॉलची कुपी मात्र एकदाच वापरायची, तिथे मॉडिफायरचा प्रश्न येतो. शिवाय त्याचं युनिट अर्ध्या मिलिग्रॅमचं. १.५ मिलिग्रॅमची एक कुपी म्हणजे ३ युनिटं. ट्रेप्रॉस्टिनिलची सवय लागलेला हात तिथे १ किंवा २ टाकतो आणि फार्मसीचे पैसे गुपचूप बुडतात. जास्त युनिटं टाकली तर कुणीतरी ओरडतं, कमी टाकली तर कुणालाच कळत नाही.

पाचवी पायरी: कागद

मेडिकेअरसाठी स्टँडर्ड रिटन ऑर्डर लागते. त्यात रुग्णाचं नाव किंवा एमबीआय (मेडिकेअर क्रमांक), ऑर्डरची तारीख, वस्तूचं वर्णन, संख्या, डॉक्टरांचं नाव किंवा एनपीआय (डॉक्टरांचा ओळख क्रमांक) आणि सही असावी. सोबत वैद्यकीय नोंदी आणि डिलिव्हरीचा पुरावा. पूर्वी पंपासाठी डीआयएफ नावाचा फॉर्म, सीएमएस-१०१२५, भरावा लागे. तो १ जानेवारी २०२३ पासून बंद झाला. जुन्या एसओपीत तो अजून सापडतो. कुणी मागितला तर तारीख दाखवा.

रिफिल आपोआप पाठवून बिल करता येत नाही. पाठवण्याआधी रुग्णाशी बोलून रिफिल हवंय हे नोंदवावं लागतं, आणि हातातला साठा संपण्याच्या १० दिवसांपेक्षा आधी डिलिव्हरी करता येत नाही. पोस्टाने जाणाऱ्या मालाची सर्व्हिस डेट म्हणून शिपिंगची तारीख धरता येते. या तारखा एकमेकींवर चढल्या की क्लेम अडकतो.

सहावी पायरी: फॉर्म भरणं

सीएमएस-१५०० वर २४डी मध्ये कोड आणि मॉडिफायर, २४ई मध्ये निदानाचा पॉइंटर, २४जी मध्ये युनिटं. पेअरला (पैसे देणाऱ्या विम्याला) एनडीसी (औषधाच्या पॅकचा क्रमांक) हवा असेल तर २४ च्या वरच्या छायांकित ओळीत, आधी एन४ लिहून. एनडीसी ११ अंकी लागतो, ५-४-२ या रचनेत. खोक्यावर बऱ्याचदा १० अंकीच असतो, त्यात शून्य योग्य गटाच्या सुरुवातीला घालायचं. शेवटी शून्य जोडणं ही जुनी खोड आहे. ब्रँड आणि जेनेरिक दोन्हींचा जे-कोड एकच असल्यामुळे नेमकं कुणाचं औषध गेलं हे एनडीसीवरूनच कळतं. खाजगी पेअर ते तपासतात.

नर्स घरी गेली असेल तर तो वेगळा क्लेम. १ जानेवारी २०२१ पासून मेडिकेअरमध्ये होम इन्फ्युजन थेरपीची सोय आहे. या औषधांच्या गटात पहिल्या भेटीला जी००८८, पुढच्या भेटींना जी००६८. हा क्लेम मात्र पार्ट बी मॅककडे जातो, डीएमईकडे नाही. एकाच रुग्णाचे एकाच आठवड्यातले दोन क्लेम दोन दारांत जातात, हे नव्या माणसाला विचित्र वाटतं. नियम तसाच आहे.

सातवी पायरी: पैसे आणि डिनायल

पंपातून जाणाऱ्या औषधांचे दर २०१७ पासून एएसपी (सरासरी विक्री किंमत) अधिक ६ टक्के या पद्धतीने ठरतात. त्याआधी २००३ च्या जुन्या एडब्ल्यूपीवर (सरासरी घाऊक किमतीवर) ठरत. एएसपीची फाईल दर तिमाहीला बदलते, म्हणून एप्रिलच्या पेमेंटला जानेवारीचा दर लावून 'अंडरपेमेंट' म्हणून रिपोर्ट करू नका. ईओबीवर (पेमेंटच्या तपशिलावर) सीओ-२५३ दिसला तर ती सिक्वेस्ट्रेशनची, म्हणजे सरकारी खर्चकपातीची, २ टक्के कपात आहे, अपील करायची गोष्ट नाही.

डिडक्टिबलनंतर (रुग्णाने आधी स्वतः भरायची रक्कम) २० टक्के रुग्णाकडे येतात, पीआर-२ या कोडखाली. या औषधाचे २० टक्के म्हणजे घरभाड्याएवढी रक्कम असू शकते. मेडिगॅप (पूरक खाजगी विमा) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) आहे का, हे स्टेटमेंट पाठवण्याआधी बघा. औषध कंपनीचं कोपे कार्ड (रुग्णाचा वाटा हलका करणारं) खाजगी विम्याला चालतं, मेडिकेअरला चालत नाही, तिथे ते कायद्याने निषिद्ध आहे. मेडिकेअरच्या रुग्णाला स्वतंत्र धर्मादाय संस्थांच्या मदतीकडे पाठवतात, आणि ते काम सोशल वर्करचं.

नेहमीचे डिनायल आणि त्यांचा उपाय. सीओ-१६: काहीतरी राहिलंय, रिमार्क कोड वाचा. सीओ-१८: डुप्लिकेट. डोस महिन्याच्या मध्ये वाढला आणि एकाच तारखेला दोन शिपमेंट गेल्या तर खरा क्लेमही यात अडकतो. सीओ-१९७: ऑथ नाही. खाजगी पेअरकडे हा फार येतो आणि कारण ठरलेलं असतं. ट्रेप्रॉस्टिनिल १.२५ नॅनोग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवत नेतात. ऑथ घेतानाचा डोस आणि सहा महिन्यांनंतरचा डोस यात मोठं अंतर पडतं. ऑथ चालू असते, पण तिच्यातली युनिटं संपलेली असतात. म्हणून ऑथ मागताना आजचा डोस देऊ नका, टायट्रेशनचा पुढचा आराखडा डॉक्टरांकडून घेऊन त्याप्रमाणे युनिटं मागा. आणि दर महिन्याला उरलेली युनिटं बघा.

सीओ-५० आला तर अपील. मेडिकेअरमध्ये पहिली पायरी रिडिटरमिनेशन, त्यासाठी १२० दिवस. नंतर क्यूआयसीकडे (स्वतंत्र कंत्राटदाराकडे) रिकन्सिडरेशन, १८० दिवस. त्यापुढे एएलजे (प्रशासकीय न्यायाधीश), ६० दिवस. अपिलाला सगळा चार्ट जोडू नका. कॅथ रिपोर्ट, ऑर्डर, कॅल्शियम चॅनल ब्लॉकरची नोट आणि डोसचं गणित, एवढं एका कव्हर लेटरखाली द्या आणि एलसीडीच्या प्रत्येक निकषासमोर पान क्रमांक लिहा. मूळ क्लेम पाठवायची मुदत सर्व्हिस डेटपासून एक वर्ष. ती गेली तर सीओ-२९, आणि मग हातात फारसं काही उरत नाही.

पासष्टाव्या वाढदिवसाचा रुग्ण

खाजगी विमा संपून मेडिकेअर सुरू झालेला रुग्ण आला तर वेगळी काळजी घ्या. मेडिकेअर आधीच्या कंपनीच्या मंजुरीला बांधील नाही. ऑर्डर नवीन लागते आणि एलसीडीचे निकष पूर्ण झाल्याचे जुने कागद, पाच-सात वर्षांपूर्वीचा कॅथ रिपोर्टसुद्धा, शोधून फाईलला लावावे लागतात. तो रिपोर्ट बहुधा आधीच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात असतो. विनंती वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधी गेली तर वेळेत हाती येतो.

पंप आधीच्या विम्यातून घेतलेला आणि रुग्णाच्या मालकीचा असेल, तर मेडिकेअरकडे त्याची काहीच नोंद नसते. अशा वेळी औषधाच्या आणि सामानाच्या क्लेमवर, इलेक्ट्रॉनिक असेल तर एनटीई सेगमेंटमध्ये (शेरा लिहायच्या जागेत), पंपाचा कोड, तो रुग्णाच्या मालकीचा असल्याचं आणि कधी मिळाला ती तारीख टाकायची. तारीख फार्मसीच्या इनटेक फॉर्मवर नसेल तर रुग्णाला फोन करून विचारणारी मंडळी तिकडच्या ऑफिसात असतात. त्यांच्यासाठी टास्क लावताना प्रश्न एकच लिहा, 'पंप कोणत्या महिन्यात मिळाला?', म्हणजे उत्तर त्याच दिवशी येतं.